वाक्य माझं, नाव दाढीवाल्यांचं

३ ऑगस्ट, शनिवार
वाचनालयाच्या ‘ओळखा लेखक’ स्पर्धेत आजपासून उतरलो. प्रकार सोपा आहे. दर शनिवारी संध्याकाळी ग्रंथपालबाई फळ्यावर एक वाक्य लिहितात. ते कुठल्या थोर लेखकाचं हे चिठ्ठीवर लिहायचं, खाली सही करायची आणि चिठ्ठी डब्यात टाकायची. मग बाई एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचतात आणि परीक्षक निकाल देतात. परीक्षक म्हणजे आमचे साडू, हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. साहित्याचे निवृत्त प्राध्यापक. नोकरी सुटली, शिकवणं सुटलं नाही.

मला हे म्हणजे डाव्या हातचा मळ. मी टेबल कॅलेंडर छापणाऱ्या प्रेसमध्ये आहे. रोज एक पान, वर तारीख, खाली थोरांचं वाक्य. ती वाक्यं निवडणं हे माझं काम. इतक्या वर्षांत नाक असं तयार झालंय, की वाक्याचा नुसता वास आला तरी लेखक सांगतो.

आजचं उत्तर चुकलं. म्हणजे माझं बरोबर होतं, वाचनालयाचं वेगळं निघालं.

ठराव : या रोजनिशीत एकाही मोठ्या लेखकाचं नाव लिहायचं नाही. त्यांची जाहिरात पुष्कळ झाली, त्यात आपली फुकट भर कशाला? ऑफिसात आम्ही टोपणनावंच वापरतो. दाढीवाले, पाइपवाले, दुःखी बाई. तेवढा मान पुरे.

४ ऑगस्ट
दुसरा ठराव. उद्यापासून पहाटे पाचला उठून कादंबरी लिहायची. विषय डोक्यात पक्का आहे. पहिलं वाक्य जमलं की बाकीची ओघाने येते.

५ ऑगस्ट
उठलो. पाच वाजून गेले होते, त्यामुळे मूड गेला. आठ वाजता लिहिणारा माणूस लेखक नसतो, कारकून असतो.

१० ऑगस्ट, शनिवार
आजचं वाक्य होतं चुलीवर ठेवून विसरलेल्या दुधाबद्दल. मी ठामपणे पाइपवाले लिहिलं. दुःखी बाई निघाल्या. मी उभा राहून हरकत घेतली, की वाक्याची ठेवण पुरुषी आहे. साडू म्हणाले, दूध उतू गेल्याची खंत आहे त्यात, पुसावं कोणाला लागतं ते बघा. सगळे हसले. या माणसाला टाळ्या घेतल्याशिवाय वाक्य संपवताच येत नाही.

ही पण चिठ्ठी टाकते. हिचं बरोबर आलं. येताना विचारलं, कसं ओळखलंस? म्हणाली, ओळखलं. बस्स. इतकंच. ही हल्ली बोलतच नाही. पूर्वी किती बोलायची. वयानुसार बायकांचं होत असावं तसं. हिचं उत्तर योगायोग म्हणून सोडून दिलं.

१९ ऑगस्ट
पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरचं काम सुरू. लोकांना वाटतं, काय मोठं, पुस्तकं चाळायची आणि वाक्यं उचलायची. त्यांना कल्पना नाही. वर्षाच्या सगळ्या पानांना पुरतील इतकं थोर लोक बोललेलेच नाहीत. बोललेत ते लांबलचक. आमच्या पानावर वाक्य आणि नाव मिळून दोन ओळी, वर एक अक्षर मावत नाही. मग वाक्यं कमी पडतात. मालक ओरडतात. अशा वेळी कोण धावून येतं? मी. टेबलाशी बसायचं, पेन घ्यायचं आणि एक थोर वाक्य लिहून टाकायचं.

नाव द्यायची पद्धत माझी स्वतःची. वाक्य झाल्यावर दुसऱ्या ओळीत जागा किती उरली ते बघायचं. भरपूर उरली तर लांब आडनावाचे पाइपवाले. मध्यम उरली तर दुःखी बाई. अगदी चिमूटभर उरली तर दाढीवाले, त्यांचं नाव तीन अक्षरांत आटपतं. म्हणून आमच्या कॅलेंडरात दाढीवाले इतके बोलघेवडे आहेत. आजवर एका गिऱ्हाइकाने तक्रार केलेली नाही. याचा अर्थ काय? थोर माणसं जे लिहितात आणि मी जे लिहितो, त्यात फरक करता येत नाही.

हे वाक्य पुन्हा वाचलं. हादरलो. इतकी वर्षं हे लक्षात कसं आलं नाही?

२४ ऑगस्ट, शनिवार
दाढीवाले लिहिलं. पाइपवाले निघाले. फळ्यावरचं वाक्य खरंच पाइपवाल्यांचं कशावरून? त्यांच्याही देशात कॅलेंडरं छापत असतीलच.

हिचं बरोबर.

३१ ऑगस्ट
आजचा दिवस सोन्याच्या अक्षरांत लिहावा असा. पेन मात्र साधं आहे.

साडूंचा सत्कार होता. वाचनालयाचा हॉल, खुर्च्या, हार. मी शेवटच्या रांगेत, कारण लवकर सटकायचं होतं. साडू उत्तराच्या भाषणाला उभे राहिले, नेहमीप्रमाणे डोळे मिटले आणि म्हणाले, दाढीवाल्यांचं एक वाक्य आयुष्यभर माझ्या सोबतीला राहिलं. आणि मग म्हणाले :

‘वाट पाहणाऱ्याला घड्याळ लागत नाही. त्याला दार पुरतं.’

हे वाक्य दाढीवाल्यांचं नाही. माझं आहे! आमच्या कॅलेंडरातलं, एकोणीस मार्चचं पान. वर्ष आठवतंय, कारण त्या वर्षी कामाचा लोड भयंकर होता आणि त्यात घरी हिच्या ऑपरेशनची गडबड.

पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी डोळे पुसले. माझ्या वाक्याने. हीसुद्धा खाली मान घालून बसली होती. रुमाल शोधत होती पर्समध्ये.

सटकलो नाही. शेवटपर्यंत बसलो.

१ सप्टेंबर
झोप नाही, पण आनंदाची.

सकाळी हिला सांगितलं, की काल साडूंनी म्हटलेलं वाक्य माझं आहे. ही वाटाणे सोलत होती. म्हणाली, कुठलं वाक्य? मी म्हणून दाखवलं. हिने हातातली शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले, मग विचारलं, तुम्हाला सुचलं होतं? म्हटलं, अर्थात. ऑफिसात, टेबलाशी बसल्या बसल्या, एका झटक्यात. ही म्हणाली, असं का. आणि पुढची शेंग घेतली.

मोठा आनंद पचायला वेळ लागतो. मी समजू शकतो.

७ सप्टेंबर, शनिवार
वाक्य कसं सुचलं ते आता नीट आठवतंय. टेबलाशी नव्हतो. खिडकीशी उभा होतो. संध्याकाळ होती, हातातला चहा गार झाला होता आणि मी माणसाच्या एकटेपणाचा विचार करत होतो.

स्पर्धेत आज उत्तर चुकलं, पण आता त्याला महत्त्व नाही. जो स्वतः उत्तर आहे त्याने उत्तरं का द्यावीत?

हिचं बरोबर.

१२ सप्टेंबर
पुरावा पाहिजे. माळ्यावर सगळ्या वर्षांची कॅलेंडरं ठेवली आहेत. स्टुलावर चढून खोका काढला. सापडलं! एकोणीस मार्च. पान पिवळं पडलंय, पण वाक्य तसंच टवटवीत. फक्त खाली नाव दाढीवाल्यांचं. म्हणजे पुराव्याने सिद्ध होतं ते हे, की वाक्य दाढीवाल्यांचं आहे.

स्टुलावरून उतरताना पाय घसरला. कंबर धरली. हिने शेक दिला. पान बघितलंस का विचारलं. म्हणाली, बघितलंय. कधी, विचारायच्या आत फोन वाजला.

२३ सप्टेंबर
मालकांकडे गेलो. मागणी साधी होती : प्रेसच्या लेटरहेडवर दोन ओळी, की सदर वाक्य आमच्या अमुक यांनी स्वतः रचलेले आहे. मालक म्हणाले, म्हणजे आपण खोटी नावं घालून छापतो हे मी लिहून देऊ? गिऱ्हाइकं कॅलेंडरं आणून तोंडावर मारतील. मी म्हटलं, साहेब, साहित्याचा प्रश्न आहे. ते म्हणाले, तुम्ही बसा जरा.

बसलो. मग त्यांनी सांगितलं, की बरं झालं विषय निघाला. पुढच्या वर्षापासून वाक्यं बंद. लोक असलं सगळं मोबाइलवर फुकट वाचतात. तारखेखालची जागा एका गादीवाल्याने वर्षभरासाठी घेतली आहे. रोज वेगळी गादी. माझी नोकरी जाणार नाही, मी गाद्यांचा मजकूर तपासायचा.

बाहेर आलो. खरं लिहितो, रडू आलं. जिन्यात थांबलो थोडा वेळ. मग विचार केला, पुष्कळ मोठ्या लेखकांची गळचेपी झालेली आहे. आता मी त्यांच्यातला एक.

२४ सप्टेंबर
आता ते एक वाक्यच उरलं. ते माझ्या नावावर झालंच पाहिजे. नाहीतर इतकी वर्षं मी त्या टेबलाशी काय केलं? दुसऱ्यांच्या नावांसाठी जागा मोजली?

वाईट प्रश्न आहे. पान उलटतो.

२ ऑक्टोबर
प्लॅन तयार. स्पर्धेची अंतिम फेरी नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी. हॉल भरलेला असतो. ते वाक्य त्या दिवशी फळ्यावर आलं पाहिजे. मी चिठ्ठीवर माझं नाव लिहिणार. बाई मोठ्याने वाचणार. खळबळ. मग मी शांतपणे उठून दोन शब्द बोलणार.

साडूंना फोन केला. त्यांच्या सत्कारातल्या भाषणाची तोंडभर स्तुती केली. जीभ जड झाली, पण केली. सुचवलं, की असलं वाक्य अंतिम फेरीत हवं. ते खूश. म्हणाले, साडूभाऊ, तुमची अभिरुची सुधारत चालली आहे. दात ओठ खाल्ले आणि आभार मानले.

२० ऑक्टोबर
उत्स्फूर्त भाषण लिहून काढलं. आजपासून पाठांतर.

वाक्य सुचलं ती संध्याकाळ आता स्पष्ट दिसते. पाऊस नुकताच थांबला होता. खिडकीच्या काचेवर थेंब. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, का ते मला कळत नव्हतं. हे भाषणात घेतलं.

२७ ऑक्टोबर
हिला भाषण म्हणून दाखवलं. ही इस्त्री करत होती. काचेवरच्या थेंबांपाशी आलो तेव्हा हिने इस्त्री बाजूला उभी करून ठेवली आणि विचारलं, मार्चचं कॅलेंडर, म्हणजे तुम्ही ते आदल्या वर्षी लिहिलं असणार, नाही का? म्हटलं, हो, आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात, काम संपत आलं होतं, शेवटचं एकच पान रिकामं राहिलं होतं. ही म्हणाली, नोव्हेंबरात मी कुठे होते आठवतंय? मी म्हटलं, घरीच असणार, अजून कुठे?

हिने इस्त्री परत हातात घेतली. माझा शर्ट होता. कॉलर दोनदा केली.

मध्ये मध्ये टोकल्याने लय तुटते. हिला तसं सांगितलं.

१६ नोव्हेंबर, शनिवार
गाद्यांचं पहिलं प्रूफ आलं. ‘पाठीला विश्रांती, मनाला शांती.’ खाली नाव गादीवाल्याचं, पूर्ण पत्त्यासकट. ते बरोबर बसलं. गादीवाला स्वतःच्या वाक्याखाली स्वतःचं नाव टाकतो आणि माझ्यासारखा माणूस प्रूफ तपासतो. एक काना सुटला होता तो घातला.

वाचनालयात आजही चुकलो. दोन आठवडे राहिले. भाषण पाठ आहे.

२९ नोव्हेंबर
उद्या. निळा शर्ट काढून ठेवला. साडूंनी हरकत घेतली तर काय बोलायचं, तेही तयार आहे. लोकांनी खांद्यावर घेतलं तर कंबरेची काळजी घ्यावी लागेल.

हिला म्हटलं, उद्या पहिल्या रांगेत बस. आपल्या माणसाला मान मिळताना समोर असावं. ही म्हणाली, बसेन.

३० नोव्हेंबर, शनिवार. सायंकाळ
शांतपणे, क्रमाने लिहितो.

हॉल भरला होता. फळ्यावर वाक्य आलं. माझं. बाईंचं अक्षर चांगलं आहे. चिठ्ठीवर नाव लिहिलं, खाली सही केली, डब्यात टाकली.

बाई चिठ्ठ्या वाचू लागल्या. दाढीवाले, दाढीवाले, दुःखी बाई, दाढीवाले. मग माझी आली. बाईंनी ती वाचली नाही. चष्मा वर केला, चिठ्ठी उलटसुलट केली आणि माझ्याकडे बघून अगदी प्रेमाने म्हणाल्या, की तुम्ही चुकून दोन्ही ठिकाणी स्वतःचंच नाव लिहिलंय, लेखकाचं राहिलंच, त्यामुळे चिठ्ठी बाद करावी लागेल हं. आणि पुढची घेतली.

एवढ्यावर मी गप्प बसलो असतो तर. पण उठलो. म्हणालो, चूक नाही, लेखक मीच आहे. पाठ केलेलं भाषण सगळं उडालं. काचेवरचे थेंब उडाले. कॅलेंडर, दोन ओळी, तीन अक्षरांचं नाव, गादीवाला, असं काहीतरी उलटसुलट बोललो. लोक हसायला लागले. आधी त्यांना वाटलं, मी कार्यक्रमातला विनोदी भाग आहे.

साडूंनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं. ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, साडूभाऊ, ज्याने हे लिहिलंय त्याने खरोखरची वाट बघितलेली आहे, कुठेतरी बंद खोलीत, दुसऱ्याच्या येण्यावर सगळं टांगून. हे टेबलाशी बसून येत नाही. तुम्ही सांगा, तुम्ही आयुष्यात कोणाची अशी वाट बघितलीत?

मी म्हणालो, बसची.

यापुढचं मला नीट ऐकू आलं नाही, हसण्यात. खाली बसलो.

शेवटी वर्षभराच्या बरोबर उत्तरांची बेरीज झाली. पहिला नंबर हिचा. सगळ्यात जास्त उत्तरं हिची बरोबर. बक्षीस फाउंटन पेन. आजच्या चिठ्ठीवरही हिने बरोबर उत्तर लिहिलं होतं, बाईंनी मुद्दाम वाचून दाखवलं : दाढीवाले.

दाढीवाले! पहिल्या रांगेत बसून! माझ्या बायकोने!

घरी येईपर्यंत एक शब्द बोललो नाही. हीही बोलली नाही, पण ती तर कधीच बोलत नाही.

१ डिसेंबर
सकाळी जाब विचारला. जगाने नाकारलं तर मी समजू शकतो, पण घरच्या माणसाने? वाक्य माझं आहे हे माहीत असून परक्या माणसाचं नाव लिहायचं? ही बेसिनशी कप विसळत होती. पाणी बंद केलं, हात पुसले आणि म्हणाली, ते तुमचं नाहीच.

मी म्हटलं, म्हणजे तू पण साडूंच्या बाजूची.

ही म्हणाली, ते मी बोलले होते.

मग तिने सांगितलं. आवाज चढवला नाही. ऑपरेशननंतर तिला घरी सोडणार होते तो दिवस. डॉक्टर सकाळीच जा म्हणाले होते. ती कपडे बदलून, पिशवी भरून खाटेच्या कडेला बसून राहिली. खाट दुसऱ्या पेशंटला हवी होती, म्हणून नर्सने तिला बाकावर आणून बसवलं. टाके ओले होते. मी येणार होतो सकाळी. गेलो संध्याकाळी, दिवे लागल्यावर. गेल्या गेल्या माफी मागायची सोडून मी म्हणालो, की तू सकाळपासून सकाळपासून म्हणतेस, पण तुझं घड्याळ तर घरी राहिलंय, तुला वेळ कशी कळली? त्यावर ती म्हणाली होती, वाट बघणाऱ्याला घड्याळ लागत नाही हो, त्याला दार पुरतं.

मी म्हटलं, असं काही मला आठवत नाही. ही म्हणाली, तुम्हाला उशीर का झाला तेही आठवत नसेल. ऑफिसात एक पान रिकामं राहिलं होतं. ते भरल्याशिवाय मालक सोडेनात, शेवटी उद्या देतो म्हणून सुटलो, असं तुम्हीच रिक्षात सांगितलंत. आणि तेवढ्यात तुम्ही एकदम गप्प झालात आणि खिशातून पेन काढलंत. मला वाटलं, औषधाचं नाव लिहून घेताय.

खिडकी आठवली. रिक्षाला काच नसते.

मी विचारलं, मग त्या मार्चात पान बघितलंस तेव्हा बोलली का नाहीस? म्हणाली, बघितलं तेव्हा वाटलं, तुम्ही काहीतरी म्हणाल. दिवसभर वाट बघितली. दुसऱ्या दिवशी तुम्ही पान उलटलंत. तेव्हापासून तुमच्यासमोर जपून बोलते, न जाणो.

मी म्हटलं, असेल. समजा असेल. पण मग काल चिठ्ठीवर स्वतःचं नाव लिहायचं. दाढीवाल्यांचं का लिहिलंस?

ही म्हणाली, तुमच्या नावावर जाण्यापेक्षा त्यांच्या नावावर बरं आहे.

आणि कप विसळायला लागली.

२ डिसेंबर
रजा टाकली. कंबरेचं कारण दिलं.

एक मुद्दा नोंदवून ठेवतो. ती ‘बघणाऱ्याला’ म्हणाली होती, ‘पाहणाऱ्याला’ हे मी केलं. ‘हो’ काढला, तोही मीच. संपादनाचं काम लहान नसतं.

लिहिल्यावर खोडणार होतो. राहू दे.

५ डिसेंबर
खोक्यातली बाकीची कॅलेंडरं काढली. आणखी कुठली कुठली वाक्यं माझी, ते तपासायला. एक वर्ष उघडलं. ‘घर लहान असलं की भांडण लवकर सापडतं.’ पाइपवाले. दोन पानं पुढे, ‘आजारी माणसाला फळं नकोत, खुर्ची ओढून बसणारं कोणीतरी हवं.’ हे मात्र नक्की माझं. बहुतेक माझं.

ही शेजारून गेली. पान हातात होतं. मी काही विचारलं नाही, हिने काही सांगितलं नाही. कॅलेंडरं परत खोक्यात भरली.

१४ डिसेंबर, शनिवार
वाचनालयात गेलो नाही. घरीच एक काम केलं. कोणी सांगितलं नव्हतं, स्वतःच्या मनाने केलं.

एकोणीस मार्चचं पान घेतलं. दाढीवाल्यांच्या नावावर व्हाइटनर लावला, वाळू दिला. हिचं बक्षिसाचं फाउंटन पेन मागितलं. कशाला, असं तिने विचारलं नाही. घ्या म्हणाली.

वाक्यात ‘पाहणाऱ्याला’ खोडून ‘बघणाऱ्याला’ केलं. ‘हो’ परत घातला. मग खाली हिचं पूर्ण नाव लिहायला घेतलं, नियमाप्रमाणे, आधी तिचं, मग माझं, मग आडनाव. ओळीत बसेना. तीन अक्षरांची जागा होती, वर ‘हो’ने आणखी थोडी खाल्ली. अक्षर बारीक केलं, बसेना. नुसती आद्याक्षरं करून बघितली, ते कोणाचं नाव आहे तेच कळेना. पुन्हा व्हाइटनर. पान जाड झालं. आडनाव काढलं, तरी बसेना.

मग माझं नाव काढलं. बसलं.